रविवारी खेळाडू, बुधवारी प्रशिक्षक: माइन्त्सच्या मॅनेजरचा एक निर्णय

प्रकरण कशाचे

फुटबॉलमधला ‘मॅनेजर’ म्हटले की आपल्याला इंग्लंडमधला माणूस आठवतो, रेषेजवळ उभा राहून खेळाडूंवर ओरडणारा. जर्मनीत त्याला ट्रेनर म्हणतात, म्हणजे प्रशिक्षक. तिथला मॅनेजर वेगळा. खेळाडूंची खरेदी-विक्री, पैशांचा मेळ आणि प्रशिक्षकाची नेमणूक ही त्याची कामे. वेळ आली तर प्रशिक्षकाला काढायचेही त्यानेच. सामना हरला की कॅमेरे प्रशिक्षकाकडे वळतात. पण त्या प्रशिक्षकाला तिथे कोणी आणि का आणले, हा प्रश्न मॅनेजरचा असतो.

हे प्रकरण अशाच एका मॅनेजरचे. नाव ख्रिस्टियान हायडेल, क्लब माइन्त्स ०५. २००१च्या फेब्रुवारीत त्याने घेतलेला एक निर्णय हा या लेखाचा गाभा. तोच प्रश्न पुढे त्याच्यासमोर पुन्हा पुन्हा आला. तेव्हा काय झाले तेही पाहायचे आहे. माणसे सार्वजनिक जीवनातली असल्याने नावे झाकलेली नाहीत. संघातले जे खेळाडू या निर्णयात नुसते साक्षीदार होते, त्यांची नावे मात्र घेतलेली नाहीत.

पार्श्वभूमी

माइन्त्स हे ऱ्हाइन नदीकाठचे शहर, ऱ्हाइनलँड-फाल्त्स राज्याची राजधानी. छपाईचा गुटेनबर्ग इथलाच. शहराची दुसरी ओळख फास्टनाख्ट, म्हणजे कार्निव्हल. गोव्यातला कार्निव्हल येतो त्याच दिवसांत, लेंटच्या उपवासापूर्वी, हे शहर रस्त्यावर उतरते. फुटबॉल ही माइन्त्सची ओळख नव्हती. १९०५ साली स्थापन झालेला हा क्लब नव्वदच्या दशकात दुसऱ्या बुंडेसलीगेत, म्हणजे जर्मन फुटबॉलच्या दुसऱ्या पातळीवर, तळाशी धडपडत होता. ब्रुखवेग नावाचे त्याचे मैदान छोटे होते आणि प्रेक्षक थोडे.

हायडेल १९६३ साली याच शहरात जन्मला. पोटापाण्यासाठी मोटारींची विक्री करायचा, बीएमडब्ल्यूच्या एका दालनाचा कारभार त्याच्याकडे होता. १९९२ पासून तो क्लबचे काम पाहू लागला आणि पहिली बरीच वर्षे त्याने ते मानद म्हणून केले. मोठा खेळाडू म्हणून त्याचे नाव नव्हते. निवृत्त खेळाडूला मॅनेजर करण्याची जर्मन प्रथा पाहता हे वेगळेच. मला वाटते, याचा त्याला फायदा झाला. ‘आम्ही असे खेळायचो’ हे सांगायला त्याच्यापाशी काही नव्हते, म्हणून दुसरा काय म्हणतो ते तो ऐकत असे.

१९९५च्या सप्टेंबरात त्याने वोल्फगांग फ्रांक याला प्रशिक्षक म्हणून आणले. हिवाळी सुट्टीपर्यंत संघ तळाशीच राहिला. मग फ्रांकने जर्मन फुटबॉलमधली एक जुनी सवय मोडली. त्या काळी तिथे लिबेरो पद्धत चाले: बचावपटूंनी एकेका प्रतिस्पर्ध्याला धरून ठेवायचे आणि सर्वांच्या मागे एक मोकळा खेळाडू, म्हणजे लिबेरो, राहायचा. १९९० चा विश्वचषक जर्मनी याच पद्धतीने जिंकला होता (पुढे १९९६ ची युरोपीय स्पर्धाही), त्यामुळे तिच्यावर शंका घेणे म्हणजे वेडेपणा. फ्रांकने लिबेरो काढून टाकला. चौघांची सरळ बचावफळी उभी केली. माणसाच्या मागे न धावता जागा राखायची, चेंडू सरकेल तसे सगळ्यांनी मिळून सरकायचे आणि चेंडू हरवला की तो वर, समोरच्याच्या अर्ध्यात परत मिळवायचा. इटलीतल्या मिलान क्लबच्या, प्रशिक्षक आर्रिगो साक्कीच्या काळातल्या, चित्रफिती तो खेळाडूंना दाखवायचा. चेंडूशिवाय, नुसत्या जागा बदलण्याचा सराव तासन्‌तास चाले.

उत्तरार्धात तळाचा तोच संघ गुण मिळवत सुटला आणि वाचला. खेळाडू तेच होते, पैसा तेवढाच होता. बदलली होती फक्त पद्धत. हायडेलच्या मनावर हे कोरले गेले. पुढचे सगळे यातून आले आहे.

एक गोष्ट इथे सांगायला हवी. १९९८च्या डिसेंबरात उल्म संघाचा प्रशिक्षक राल्फ रांगनिक याने टीव्हीवर, फळ्यासमोर उभे राहून, चौघांची बचावफळी समजावून सांगितली. त्याला ‘प्रोफेसर’ म्हणून हिणवले गेले. तो कार्यक्रम झेडडीएफ वाहिनीचा, आणि झेडडीएफचे मुख्यालय माइन्त्समध्ये. देश ज्या कल्पनेची थट्टा करत होता, ती त्याच शहरातल्या छोट्या मैदानावर दोन-तीन वर्षे रुळली होती.

अडचण

फ्रांक १९९७ मध्ये गेला, १९९८ मध्ये परत आला आणि २००० साली पुन्हा गेला, या वेळी डुइसबुर्ग या क्लबकडे. त्याच्या जागी बेल्जियमचा रने फांदेरेकन आला आणि काही महिन्यांतच गेला. नोव्हेंबरात एकहार्ड क्राउट्सुन आला. अनुभवी माणूस, जगभर काम केलेला. पण गुण येईनात. दुसऱ्या बुंडेसलीगेतून त्या काळी चार संघ खाली जात आणि फेब्रुवारी संपत आला तेव्हा माइन्त्स त्या चारांत होता.

खाली जाणे म्हणजे अर्धव्यावसायिक पातळी. टीव्हीचा पैसा आटतो, प्रायोजक हात आखडतात, चांगले खेळाडू निघून जातात. अशा वेळी क्लब पुन्हा उभा राहीलच याची खात्री नसते.

२५ फेब्रुवारी २००१, कार्निव्हलचा रविवार. माइन्त्स फ्युर्टमध्ये हरला. बुधवारी घरच्या मैदानावर डुइसबुर्गशी सामना. संघाला शहरातल्या गोंगाटापासून दूर, बाड क्रॉइत्सनाखला नेऊन ठेवले होते. सोमवार हा कार्निव्हलचा मुख्य दिवस. शहरात मिरवणूक, सगळे रस्ते बंद. हायडेलपाशी दोन दिवस होते.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय क्राउट्सुनला ठेवण्याचा. त्याच्या बाजूने बोलायचे तर, एका मोसमात तिसरा प्रशिक्षक आणणे हे क्लबच्या गोंधळाचेच लक्षण ठरले असते. पण संघ ज्या पद्धतीवर बांधला होता ती मैदानावर दिसत नव्हती, आणि थांबून ती परत येईल असे मानायला काही आधार नव्हता.

दुसरा पर्याय नेहमीचा: संकटात सापडलेले संघ वाचवण्यात नाव कमावलेला बाहेरचा माणूस आणायचा. अशी माणसे जर्मनीत तेव्हा बरीच होती आणि ती एका फोनवर आली असती. हायडेलने नावे चाळली. त्याला हवे होते ते त्यांच्यात सापडेना. चौघांची बचावफळी शिकवू शकणारे प्रशिक्षक तेव्हा देशात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते, आणि जे होते ते कुठे ना कुठे गुंतलेले होते.

तिसरा पर्याय फ्रांकला परत बोलावण्याचा. तो मागच्याच वर्षी दुसऱ्यांदा क्लब सोडून गेलेला; त्याची वाट बघायला वेळ नव्हता.

या जागी बहुतेक मॅनेजर दुसरा पर्याय घेतील, आणि त्यांना कोणी दोषही देणार नाही. नावाजलेला माणूस आणूनही संघ बुडाला, तर मॅनेजरने प्रयत्न तरी केला असे म्हणतात. नवखा माणूस आणून बुडाला, तर मॅनेजरही बुडतो.

हायडेलने प्रश्नच उलटा केला. कोणता प्रशिक्षक मिळेल हे न विचारता त्याने विचारले, फ्रांकची पद्धत आज कोणाला येते? उत्तर समोरच होते: ती खेळाडूंना येते. काहींनी ती वर्षानुवर्षे रक्तात मुरवली होती. मग बाहेरून कोणी आणायचेच कशाला? त्यांच्यातल्याच एकाला पुढे करायचे.

निर्णय

तो एक म्हणजे ३३ वर्षांचा युर्गन क्लॉप. श्टुटगार्टमध्ये जन्मलेला, ब्लॅक फॉरेस्टमधल्या ग्लाटेन गावी वाढलेला, १९९० पासून माइन्त्सकडे. आधी आघाडीला खेळे, मग बचावात गेला. कारकिर्दीत दुसऱ्या बुंडेसलीगेतले ३२५ सामने आणि ५२ गोल. पायांत फार कसब नव्हते, पण फ्रांकचा शब्द न् शब्द त्याने टिपला होता. खेळता खेळता फ्रांकफुर्टच्या विद्यापीठातून त्याने क्रीडाशास्त्राची पदविका घेतलेली. ड्रेसिंग रूम त्याचे ऐकायची.

हायडेलने ज्येष्ठ खेळाडूंशी आधी बोलून घेतले. या प्रकरणात मला हा टप्पा फार महत्त्वाचा वाटतो. कालपर्यंत शेजारी बसून बूट बांधणारा माणूस उद्या संघ निवडणार, कोणाला तरी बाकावर बसवणार. हे खेळाडूंनी मनापासून मान्य केले नसते, तर पहिल्याच पराभवाला सगळे कोसळले असते. नेमणूक नंतर झाली, संमती आधी मिळाली. क्लॉपने मागे-पुढे न पाहता हो म्हटले.

कार्निव्हलच्या धामधुमीत ही घोषणा म्हणजे अनेकांना थट्टाच वाटावी. प्रशिक्षक म्हणून एकाही सामन्याचा अनुभव नसलेला माणूस, खाली जाण्याच्या काठावरचा क्लब, आणि नेमणूकही आधी तात्पुरतीच.

२८ फेब्रुवारीला, राखेच्या बुधवारी, म्हणजे लेंटच्या पहिल्या दिवशी, माइन्त्सने डुइसबुर्गला १-० हरवले. पहिल्या सातपैकी सहा सामने त्यांनी जिंकले. मोसम संपला तेव्हा संघ चौदावा होता, वाचला होता, तेही एक सामना बाकी असताना.

दुसरा, कमी दिसणारा निर्णय

गोष्ट सहसा इथेच थांबवली जाते. पण हायडेलची खरी परीक्षा पुढच्या दोन वर्षांत झाली असे मी मानतो.

२००२ मध्ये पहिल्या बुंडेसलीगेत जायला शेवटच्या दिवशी बर्लिनमध्ये उनियोनशी एक बरोबरी पुरेशी होती. माइन्त्स ३-१ हरला आणि ६४ गुण मिळवूनही चौथा राहिला. २००३ मध्ये शेवटच्या दिवशी ब्राउनश्वाइगला ४-१ जिंकला. सामना संपला तेव्हा बढती हातात होती. तिकडे फ्रांकफुर्टने भरपाईच्या वेळेत रॉइटलिंगनविरुद्ध सहावा गोल केला आणि एका गोलफरकाने माइन्त्स पुन्हा चौथा.

लागोपाठ दोनदा असे झाले की कोणत्याही क्लबात कुजबुज सुरू होते: पोरगा चांगला आहे, पण शेवटचा घास त्याच्याने जमत नाही, आता अनुभवी माणूस आणा. हायडेलने क्लॉपला हलवले नाही. २००४ मध्ये ५४ गुणांवर माइन्त्स तिसरा आला आणि क्लबच्या इतिहासात पहिल्यांदा वर गेला. दोन वर्षांपूर्वी ६४ पुरले नव्हते, आता ५४ पुरले. हा आकडा मी मुद्दाम सांगतो आहे. निकालात नशिबाचा वाटा किती असतो ते त्यातून दिसते, आणि नशिबाकडे बघून माणूस बदलायचा नाही हे हायडेलला कळले होते तेही.

वरच्या पातळीवर, सगळ्यात छोटे मैदान आणि सगळ्यात कमी पैसा घेऊन, संघ दोन वर्षे अकरावा आला. २००७ मध्ये खाली घसरला. तेव्हाही क्लॉप राहिला, मॅनेजरही राहिला. २००८ मध्ये बढती थोडक्यात हुकली आणि क्लॉप स्वतःच निघाला. शहराने गुटेनबर्ग चौकात हजारोंच्या गर्दीने त्याला निरोप दिला.

तोच प्रश्न पुन्हा: २००९

क्लॉपनंतर यॉर्न आंदेरसन आला. पहिल्याच मोसमात त्याने संघाला वर नेले आणि जर्मन चषकाच्या उपांत्य फेरीतही पोहोचवले. २००९च्या ऑगस्टमध्ये ल्युबेकविरुद्ध चषकाचा पहिलाच सामना माइन्त्स हरला आणि दोन दिवसांनी, बुंडेसलीगा सुरू व्हायला आठवडाही उरला नसताना, हायडेलने बढती मिळवून देणाऱ्या या प्रशिक्षकाला काढले. क्लबने कारण दिले मतभेदांचे.

त्याच्या जागी बसवला तो क्लबच्या १९ वर्षांखालील संघाचा प्रशिक्षक थोमास टुखेल, वय ३५. त्या उन्हाळ्यात त्याच्या मुलांनी जर्मनीचे अजिंक्यपद जिंकले होते. बुंडेसलीगेचा अनुभव शून्य. पण टुखेल उल्ममध्ये रांगनिकच्या हाताखाली खेळला होता. जे सूत्र हायडेल धरून होता त्याचेच दुसरे टोक टुखेलच्या हातात होते.

हा निर्णय मला २००१ पेक्षा कठीण वाटतो. तेव्हा गमावण्यासारखे फारसे उरले नव्हते. इथे एका यशस्वी माणसाला, मोसमाच्या तोंडावर, एका पराभवानंतर काढायचे होते. बाहेरून पाहणाऱ्याला हा निव्वळ कृतघ्नपणा वाटणार. आंदेरसनवर अन्याय झाला, असे मी आजही म्हणेन. पण माइन्त्स त्या वर्षी नववा आला आणि पुढच्या मोसमात पहिले सातही सामने जिंकून, त्यात म्युनिकमध्ये बलाढ्य बायर्न क्लबला हरवून, शेवटी पाचवा.

जिथे जमले नाही

२०१४ मध्ये टुखेलने करार संपायला एक वर्ष असताना थांबायचे ठरवले. हायडेलने या वेळी डेन्मार्कहून कॅस्पर युलमान्डला आणले. नॉर्सशेलँडसारख्या छोट्या क्लबला त्याने डेन्मार्कचे विजेतेपद मिळवून दिले होते, आणि माणूस हुशार, यात शंका नाही. पण त्याचा भर चेंडू पायाशी ठेवून खेळ रचण्यावर होता. माइन्त्सचे पाय चेंडू हिसकावून धावायला शिकलेले. युरोपा लीग या युरोपीय क्लबस्पर्धेच्या पात्रता फेरीत ग्रीसच्या आस्तेरास त्रिपोलिसकडून संघ हरला, चषकात खालच्या पातळीवरच्या केम्नित्सकडून. फेब्रुवारी २०१५ मध्ये युलमान्ड गेला आणि क्लबच्या दुसऱ्या संघाचा प्रशिक्षक मार्टिन श्मिट आला. पुढच्या मोसमात श्मिटचा संघ सहावा.

मग हायडेलने शहर सोडले. २०१६ मध्ये तो शाल्के या क्लबकडे गेला: प्रचंड चाहते, प्रचंड अपेक्षा, खूप मोठे पैसे. तिथे त्याने प्रशिक्षक बदलून पाहिले. पहिल्या वर्षी संघ दहावा. दुसऱ्या वर्षी डोमेनिको टेडेस्को या तिशीतल्या प्रशिक्षकासह थेट दुसरा. सगळ्यांना वाटले, माइन्त्सची जादू इथेही चालली. तिसऱ्या वर्षी पहिले पाच सामने हरून घसरण सुरू झाली. लेऑन गोरेत्स्कासारखा खेळाडू करार संपल्यावर एक पैसाही न देता बायर्नला गेला होता. २३ फेब्रुवारी २०१९ला शाल्के ३-० हरले, आणि त्या सामन्यानंतर हायडेलने पद सोडत असल्याचे जाहीर केले. सामना माइन्त्समध्ये होता.

शाल्केत काय कमी पडले? माइन्त्समध्ये प्रशिक्षक बदलला तरी खाली एक थर पक्का होता: मुलांच्या संघापासून एकाच रीतीने खेळण्याचा. तो थर बनायला फ्रांकपासून दहा-पंधरा वर्षे लागली होती आणि त्या काळात हायडेलला कोणी घाई केली नव्हती. शाल्केत तो थर नव्हता आणि तो घालायला वेळ मिळण्याची शक्यताही नव्हती. तिथे तरुण प्रशिक्षक नेमणे म्हणजे फक्त तरुण प्रशिक्षक नेमणे झाले.

वेगळे काय करता आले असते

२००१च्या निर्णयाचे कौतुक करताना त्याआधीचे आठ महिने विसरू नयेत. फ्रांक जाणार हे कळल्यावर लगेच ‘ही पद्धत कोणाला येते’ हा प्रश्न विचारता आला असता. क्लॉप तेव्हाही तिथेच होता. दोन प्रशिक्षक आणि अर्ध्याहून अधिक मोसम खर्ची पडल्यावर, दोन दिवस उरले असताना, उत्तर सापडले. संकटात सुचलेले शहाणपण आधी सुचू शकले असते.

२०१४ मध्ये तर कारण आणखी कमी. हायडेलला तोवर दोनदा घरातल्या माणसाने तारले होते. तरी त्याने बाहेर पाहिले. कदाचित युरोपीय सामने खेळणाऱ्या क्लबला आता पुढची पायरी हवी असे वाटले असेल, आणि ती इच्छा चुकीची नाही. पण पद्धत बदलायची तर खेळाडूही बदलावे लागतात, आणि त्यासाठी दोन-तीन वर्षे प्रशिक्षकाला सांभाळावे लागते. ती तयारी दिसली नाही. युलमान्डला आठ महिनेही मिळाले नाहीत. क्लॉपला दोन हुकलेल्या बढत्या आणि एक घसरण माफ करणारा हाच मॅनेजर.

एक आक्षेप रास्त आहे. घरातला नवखा माणूस नेमून बुडालेले क्लबही असतील. त्यांच्या गोष्टी आपण वाचत नाही. डुइसबुर्गविरुद्धचा तो एक गोल झाला नसता, तर हे प्रकरण कोणी लिहिलेही नसते. म्हणून मी २००१च्या निकालापेक्षा त्या आधीच्या प्रश्नाकडे बघतो.

तो प्रश्न २०२०च्या डिसेंबरात पुन्हा आला. माइन्त्स पहिल्या बुंडेसलीगेत शेवटून दुसरा होता. सप्टेंबरात खेळाडूंनी एका सहकाऱ्याला वगळल्याच्या निषेधार्थ सरावावर बहिष्कार टाकला होता, प्रशिक्षक बदलून झाला होता. क्लबने हायडेलला परत बोलावले. त्याने श्मिटला क्रीडा संचालक म्हणून सोबत घेतले आणि ऑस्ट्रियात दुसऱ्या पातळीवरच्या लीफरिंगकडून बो स्वेन्सनला आणले. स्वेन्सन मूळ डेन्मार्कचा, पण २००७ ते २०१४ माइन्त्सच्या बचावात खेळलेला, क्लॉप आणि टुखेल दोघांच्याही हाताखाली, आणि नंतर इथल्याच मुलांना शिकवलेला.

अर्धा मोसम संपला तेव्हा १७ सामन्यांत संघाचे ७ गुण होते. उरलेल्या १७ सामन्यांत त्यांनी ३२ मिळवले, एप्रिलमध्ये बायर्नला २-१ हरवले आणि बाराव्या क्रमांकावर मोसम संपवला. शाल्के त्याच वर्षी खाली गेले.